उलटा ई

बडनेऱ्याला गाडीतून उतरा, अमरावतीचा ऑटो पकडा आणि सांगा, "अऽविन चौक." ऑटोवाला मान वळवून तुमच्याकडे बघेल. पुन्हा तेच म्हणालात तर म्हणेल, "इर्विन म्हना ना, राजेहो." ज्याच्या नावाने हा चौक आणि तिथला सरकारी दवाखाना ओळखला जातो, तो माणूस 1926 ते 1931 या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. शाळेतल्या इतिहासात गांधीजींनी त्याच्याशी करार केला तो 'आयर्विन' म्हणून. सांगलीत कृष्णेवर 1929 साली झालेला पूलही आयर्विन. आमच्याकडे मात्र इर्विन. इंग्रजी उच्चारकोश उघडावा तर तिथे तिसराच प्रकार: पहिला स्वर लांबवलेला 'अ', मधला र जवळजवळ गायब.

मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तरी या भांडणात मी ऑटोवाल्याच्या बाजूची. चौक अमरावतीत आहे, नाव आता मराठी आहे, ते आम्ही म्हणू तसंच. इंग्रजांनी आमच्या गावांची नावं जिभेवर कशी घोळवली ते आठवा. अमरावतीचं 'अमरावटी' केलं. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या भागातल्या कापसाला 'ऊम्रा' म्हणत. त्यांच्यातल्या कुणाला त्याची लाज वाटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा इर्विनवरून कुणी तुम्हाला हसलं तर खुशाल दुर्लक्ष करा.

पण दर्यापूर तालुक्यातल्या नववीच्या पोराला 'डेव्हलप' हा शब्द इंग्रजी वाक्यात, इंग्रजी समजणाऱ्या माणसासमोर बोलायचा असेल, तर हा न्याय चालत नाही. तिथे त्याला खरा उच्चार कुणीतरी दाखवला पाहिजे. घरात दाखवणारं कुणी नसतं. शाळेतली मॅडम चार वाजता एसटीने निघून गेलेली असते. उरतो तो कोश. माझी तक्रार त्या कोशाबद्दल आहे.

आधी एक घरचीच गोष्ट सांगते. माझं माहेर अकोल्याचं. बाबा एका छापखान्यात कंपोझिटर होते. लग्नपत्रिका, जिनिंगच्या पावत्या, निवडणुकीची पत्रकं अशी खिळे जुळवण्याची कामं. उभ्या उभ्या पाय सुजायचे, पण उलटं अक्षर सुलट्यापेक्षा लवकर वाचायचे. मी बीएला असताना कॉलेजच्या ग्रंथालयातून जाडजूड इंग्रजी कोश घरी आणला. शब्दापुढे दोन तिरप्या रेघांमध्ये काहीतरी भलतंच लिहिलेलं. मला ते आमच्या रिद्धपूरच्या महानुभावांच्या सकळ लिपीसारखं वाटलं, परक्याला कळू नये म्हणून मुद्दाम केलेलं. मी वैतागून बाबांना म्हटलं, ही कोणत्या देशाची अक्षरं? बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि हसले. "अवं पोरी, हा तं उलटा ई हाय. खिया फिरवून बसवला. अन् हा उलटा सी. हा उलटा व्ही. नवीन खिये कायले लागते?"

पुढे शिकताना कळलं की बाबा अगदी बरोबर होते. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी तयार करणारी संघटना 1886 साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. नवी चिन्हं पाडायची तर प्रत्येक छापखान्याला नवे खिळे ओतावे लागले असते. म्हणून त्यांनी बरीच चिन्हं जुनाच खिळा उलटा करून भागवली. उलटा ई म्हणजे इंग्रजीतला सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर. 'अबाउट'मधला पहिला, 'डॉक्टर'मधला शेवटचा, 'प्रॉब्लेम'मधला दुसरा. त्याला इंग्रजी वर्णमालेत स्वतःचं अक्षर नाही, तो पाचही स्वरांच्या वेषात फिरतो. आणि गंमत बघा, आपल्या वर्णमालेचं पहिलंच अक्षर, साधा ऱ्हस्व 'अ', हा त्याचा सख्खा नाही तरी मावसभाऊ नक्की आहे.

म्हणून देवनागरीत इंग्रजी उच्चार लिहिण्याला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. विद्यापीठातली काही मंडळी म्हणतात, देवनागरी उच्चार म्हणजे गाईड संस्कृती, पोरांना ध्वनिलिपीच शिकवा. अहो, 2000 सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पहिलीतल्या लेकराला धड आपली बाराखडी येत नाही, इंग्रजी सव्वीस अक्षरं डोक्यावर आहेत, त्यात तिसरी लिपी कशी घालणार? त्याच्या हातात देवनागरी आहे. तीच वापरली पाहिजे. फक्त प्रामाणिकपणे वापरली पाहिजे.

प्रामाणिकपणे म्हणजे काय ते सांगते. आमच्या शाळेच्या कपाटात इंग्रजी-मराठीचे तीन कोश होते. एकात 'डेव्हलप', दुसऱ्यात 'डिव्हेलप', तिसऱ्यात उलटे खिळे, पण ते कसे वाचायचे याचा खुलासा नाही. एकदा तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मी एका मुलाकडून भाषण बसवून घेत होते. तो सारखा 'डेव्हलपमेंट' म्हणे, पहिल्या अक्षरावर जोर देऊन. मी सांगितलं, जोर दुसऱ्यावर, 'डिव्हेलपमेंट'. तो गेला, कपाटातून पहिला कोश आणला आणि शब्दावर बोट ठेवलं. "मॅडम, याच्यात तं डेव्हलप हाय." छापलेल्या अक्षरापुढे मास्तरणीचं काय चालणार? त्या कोशाने उच्चार दिलाच नव्हता. स्पेलिंगचीच अक्षरं एकेक करून देवनागरीत उतरवली होती. डी ला ड, ई ला ए, व्ही ला व्ह. हे काम तर पोरगं स्वतःच करत होतं, त्यासाठी कोशाला पैसे कशाला द्यायचे?

दर 27 डिसेंबरला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या जयंतीची भाषणं होतात. पापळचा शेतकऱ्याचा मुलगा परदेशात शिकायला गेला, हे वाक्य प्रत्येक भाषणात असतं आणि गावाचं नाव असतं 'एडिनबर्ग'. ते 'एडिंबरा'. स्पेलिंगवरून हे सात जन्मांत कळणार नाही. कर्जासाठीचा इंग्रजी शब्द 'डेट', त्यातला बी फक्त दिसायला. आमच्या भागात या शब्दाची गरज इंग्रजी बातमीत रोज पडते, आणि तो मी 'डेब्ट' असा किती वेळा ऐकला त्याची गणती नाही. नेमकं इथेच कोशाने उभं राहायला हवं.

कोश लिहिणाऱ्यांचा हा घोळ आजचा नाही आणि आपल्या एकट्यांचाही नाही. डॉ. जॉन्सनने 1755 साली लंडनला आपला प्रचंड कोश काढला, त्यात उच्चाराच्या नावाने फक्त जोर कुठे द्यायचा त्याची खूण होती. बाकीच्या भानगडीत तो पडला नाही. पुढे टॉमस शेरिडन उच्चारांचा कोश करायला निघाला, तेव्हा जॉन्सनने विचारलं की या आयरिश माणसाला इंग्रजीचे उच्चार ठरवायचा हक्क कुणी दिला? आणि लगेच स्वतःच एक किस्सा सांगितला. 'ग्रेट' हा शब्द कसा म्हणायचा ते त्याला दोन बड्या लोकांनी सांगितलं होतं. एक उमरावांच्या सभागृहातला नामांकित वक्ता, दुसरा खालच्या सभागृहातला. पहिला म्हणाला 'ग्रेट'. दुसरा म्हणाला 'ग्रीट', आणि वर पुस्ती जोडली की आयरिश माणसाशिवाय कुणी 'ग्रेट' म्हणणारच नाही. आज सगळं जग त्या आयरिश माणसासारखं 'ग्रेट' म्हणतं. वऱ्हाडातल्या वाचकाने हा किस्सा जपून ठेवावा, पुण्याला जाताना उपयोगी पडतो.

शेरिडनचा कोश 1780 साली आला, जॉन वॉकरचा 1791 साली. वॉकरने स्वरांच्या डोक्यावर आकडे ठेवले. 1917 साली डॅनियल जोन्सने ध्वनिलिपीतला उच्चारकोश काढला आणि निदान एक गोष्ट लपवली नाही: हा उच्चार दक्षिण इंग्लंडातल्या, मोठ्या निवासी शाळांत मुलगे शिकवणाऱ्या घरांतला आहे, असं त्याने सांगून टाकलं. म्हणजे कोशातला उच्चार कुणाचा तरी असतो. आकाशातून पडलेला नसतो. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशालाही ही ध्वनिलिपी स्वीकारायला 1989 साल उजाडलं.

आपल्याकडे नी. बा. रानड्यांचा विसाव्या शतकाचा इंग्रजी-मराठी कोश आहे, 1916 सालचा. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावात व्युत्पत्ती, साहित्य, शास्त्र सगळं येतं, पण त्या सगळ्यांच्या आधीचा शब्द उच्चाराचा. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी कोशकाराला उच्चार ही पहिली गोष्ट वाटली. आज बाजारात विद्यार्थ्यांसाठीचा कोश घ्या, वेष्टणावर लिहिलेलं असतं किती हजार शब्द. उच्चार कुणी तपासले, कुणाचे आहेत, याबद्दल अवाक्षर नाही.

आता देवनागरीच्या मर्यादा मी झाकून ठेवणार नाही. इंग्रजी व्ही आपण 'व्ह' लिहितो, पोरं त्यात ह फुंकतात आणि 'व्हेरी' म्हणताना समोरच्या पाटीवर वारा येतो. डब्ल्यूला 'व' लिहितो. आमच्याकडे तर वीसचं ईस आणि वेळचं येय होतं. टी-एचला 'थ' लिहितो, तो थाळीतला थ नव्हे, जीभ दातांमधून बाहेर डोकावली पाहिजे, हे अक्षर सांगू शकत नाही. 'झेड'चा आवाज 'झ' नाही. 'बॅट'मधला स्वर लिहायला तर आपल्याकडे जुन्या काळी अक्षरच नव्हतं, म्हणून ब्यांक, ब्याट, प्यांट लिहीत. माझ्या शाळेत अखेरपर्यंत मी 'म्याडम' होते. ॲ आणि ऑ यांना राज्य सरकारने वर्णमालेत रीतसर बसवलं ते 2009 साली. म्हणजे गरज पडली की ही लिपी वाकते. आणखी थोडी वाकवायला काय हरकत आहे? लांबवलेल्या स्वराला 'ऽ' आहेच. सुरुवातीला मी अऽविन लिहिलं ते तुम्ही न अडखळता वाचलंत.

तसं तर आपण लिहितो तसंच बोलतो, हा आपला लाडका समजही तपासून घ्यावा. 'चार' आणि 'चारा' मोठ्याने म्हणा. च एकच, आवाज दोन. 'जग' आणि 'जगणं' म्हणा. कुठे लिहिलंय ते? आईकडून कानात आलं म्हणून आपल्याला येतं. मराठी शिकायला आलेल्या परक्या माणसाला विचारा, तो आपल्या कोशांच्या नावाने बोटं मोडेल.

पण या सगळ्या उणिवांहून मोठी उणीव आहे आघाताची. म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा त्याची. मराठीत जोराने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्याला तो ऐकूच येत नाही. इंग्रजीत जोर हलला की शब्दाचा चेहरा बदलतो. फोटोग्राफ म्हणताना जोर पहिल्यावर. फोटो काढण्याची कला म्हणायची तर जोर दुसऱ्यावर आणि पहिल्या स्वराचा लगेच उलटा ई: 'फटॉग्रफी'. आमची मुलं 'फोटोग्राफी' म्हणतात, चारही अक्षरांना सारखा हिस्सा, वाटणीपत्र केल्यासारखा. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचा अभ्यासक्रम मी नोकरी करता करता टपालाने केला, तेव्हा आर. के. बन्सल यांचं काम वाचलं. भारतीयांचं इंग्रजी बाहेरच्यांना कुठे कळत नाही हे त्यांनी 1969 च्या पुस्तकात तपासून मांडलं होतं. त्यात चुकलेल्या आघाताचा वाटा मोठा. थ आणि व्ह यांचं आपण उगाच मनाला लावून घेतो. समोरचा अडतो तो जोर चुकला म्हणून.

मग मी वर्गात एक खटपट केली. आमच्या गावात तुकडोजी महाराजांच्या भजनाची मंडळी, निम्म्या पोरांच्या घरी खंजिरी. म्हटलं, उद्या एक खंजिरी घेऊन या. शब्द फळ्यावर लिहायचा, देवनागरीत तोडायचा, आणि एकाच तुकड्यावर थाप मारायची. डि-व्हे-लप. फ-टॉ-ग्र-फी. क-मि-टी. 'होटेल' म्हणताना थाप शेवटी, आपण मारतो ती सुरुवातीला. शेजारच्या वर्गावरचे सर दोनदा येऊन बघून गेले की इंग्रजीच्या तासाला भजन कसलं चाललंय. महिन्याभरात मुलं विचारायला लागली, "मॅडम, याची थाप कुठं?" एवढा एक प्रश्न पडायला लागला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम कोशाचं. शब्दाच्या देवनागरी उच्चारात थापेचं अक्षर ठळक छापायचं. जादा शाई किती लागेल, ते बाबा असते तर त्यांनी हिशेब करून दिला असता.

यावर मला हमखास ऐकवलं जातं की बाई, आता मोबाइल आहे, बटण दाबलं की उच्चार ऐकू येतो, कोश कोण उघडतं? मोबाइलची मला ॲलर्जी नाही. त्याच बटणावर मीही बोट ठेवते. पण माझ्या नातेवाइकांतल्या एका कॉलेजकुमाराला मी 'डिव्हेलप' हा शब्द मोबाइलवर पाचदा ऐकवला. पाचही वेळा त्यातली बाई स्पष्ट 'डिव्हेलप' म्हणाली आणि पाचही वेळा तो म्हणाला, 'डेव्हलप'. वर शपथेवर सांगत होता की ती जे म्हणाली तेच मी म्हटलं. तो खोटं बोलत नव्हता. कान जे ओळखतो तेच ऐकतो. वऱ्हाडी माणसाला 'शाळा' आणि 'शाया' यांतला फरक मुंबईकर दाखवून देईपर्यंत ऐकू येत नाही, तसंच. मग मी कागदावर लिहिलं, व्हे ठळक केला. पुढच्या खेपेला त्याने ऐकलं. आधी डोळ्याला दिसलं, मग कानाला कळलं.

शाळा-शायाचं निघालंच आहे तर सांगते. तरुणपणी एका प्रशिक्षणाला पुण्याला गेले होते. जेवताना 'पानी' मागितलं आणि टेबलावर खसखस पिकली. पुढचे दहा दिवस मी पाणी मागितलं नाही, उठून घेतलं. इंग्रजीच्या शिक्षिकेला मराठीच्या उच्चारावरून हसलं गेलं, म्हणून मी उच्चार शिकवताना हात राखून असते. मुलाचा वऱ्हाडी हेल घालवायचा नाही. तो राहू दे, त्याने इंग्रजीला चवच येते. पण हेल वेगळा आणि जोर वेगळा. हेलाची कुणी टर उडवेल, फार तर तेवढंच. जोर चुकला तर मुलाखतीत समोरच्याला शब्दच कळत नाही आणि पोराला वाटतं आपलं इंग्रजी कच्चं. व्याकरण त्याचं पक्कं असतं हो, कित्येकांचं माझ्याहून पक्कं.

तर कोश छापणाऱ्यांकडे माझं मागणं फार नाही. देवनागरी ठेवा, पण स्पेलिंगचा तर्जुमा करू नका. उच्चार बोलणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या आणि तो कुणाचा ते पहिल्या पानावर मराठीत सांगा. थापेचं अक्षर ठळक करा. थ, व्ह, झ यांच्या फसवणुकीबद्दल एक पान द्या, चित्रासह. आणि मागच्या बाजूला उलट्या खिळ्यांची ओळख करून द्या, म्हणजे ज्याला पुढे मोठा इंग्रजी कोश उघडायचा आहे तो माझ्यासारखा सकळ लिपी समजून बिचकणार नाही. शाळांनी आठवड्यात एक तास नुसता कोश उघडण्याला द्यावा. आमच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असायची, ती आधी बाहेर काढा.

बाबांनी निवृत्त होताना छापखान्यातून एक जुना ई मागून आणला होता, झिजलेला, दहा पॉइंटचा. तो माझ्या टेबलावर असतो. मागच्या आठवड्यात, दुपारी अकोल्याच्या गाडीसाठी एसटी स्टँडवर बसले असताना, फोन वाजला. तोच वक्तृत्ववाला. आता तिशी ओलांडलेला, पुण्यात असतो. दहा मिनिटांनी मुलाखत होती, मागे लिफ्टचा आवाज येत होता.

"मॅडम, एक्झिक्युटिव्ह. थाप कुठं?"

"दुसऱ्यावर," मी म्हटलं. "इग्-झे."

"झे," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.